ब्रेक पाईपाचं तोंड कोणत्या टूलनं पाडायचं?

व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की तिचं फिटनेस, म्हणजे आपल्या बोलीतलं 'पासिंग', दरवर्षी करावं लागतं. त्यानिमित्तानं जुनी पिकअप, छोटा हत्ती, मालवाहू ऑटो यांच्या पोटाखाली वर्षातून एकदा तरी कुणीतरी टॉर्च मारतं. बरेचदा तेव्हाच कळतं की ब्रेक पाईप गंजून खवले सोडतोय.

मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. गावातला मिस्त्री म्हणतो, "कायले पूर्ण पाईप बदलवता भाऊ, तेवढा तुकडा कापून जोड मारून देतो." कुणी सांगतं, फ्रीजवाल्याकडून तांब्याची नळी आणा. गॅरेज चालवणारा पोरगा मोबाईलवर टूल बघायला बसला तर काहीशे रुपयांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंतची टूल दिसतात, आणि सगळ्यांवर नाव एकच: फ्लेअरिंग टूल. फ्लेअर म्हणजे पाईपाचं फुलवलेलं तोंड. ते पाडणारं टूल घेताना पैसे वाया जातात ते बहुतेक एकाच कारणानं: तोंड कुठलं हवंय हे ठरवण्याआधी टूल घेतलं जातं. म्हणून आधी पाईप आणि तोंड समजून घेऊ, टूलकडे त्यानंतर वळू.

पाईपाच्या आत किती दाब असतो

पिकअप, कार, मालवाहू ऑटो यांचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. (मोठ्या ट्रकचे आणि एसटीचे ब्रेक हवेवर चालतात, ते प्रकरण वेगळं.) पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल ढकलतो, आणि तो दाब बारीक लोखंडी पाईपांतून चाकांपर्यंत पोचतो.

हिशेब सोपा आहे. पायानं 30 किलोचा जोर लावला आणि पेडलच्या तरफेनं तो पाचपट झाला, तर 150 किलो झाले. मास्टर सिलिंडरचा पिस्टन 20 मिलिमीटरचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण 3.14 चौरस सेंटिमीटर येतं. म्हणजे पाईपात दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ 48 किलोचा दाब. हा बूस्टरशिवायचा, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याशिवायचा आकडा आहे. बूस्टर असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारला की तो 70 ते 100 पर्यंत सहज जातो. कारच्या टायरमध्ये हाच दाब सव्वादोनच्या आसपास असतो.

हे सगळं पेलणारा पाईप बाहेरून फक्त 4.75 मिलिमीटरचा, म्हणजे 3/16 इंची असतो. हार्डवेअरवाल्याच्या भाषेत दीड सूत. त्याची भिंत साधारण 0.7 मिलिमीटर जाड. गंजानं त्यातली अर्धी खाल्ली तर उरलं किती, हे वेगळं सांगायला नको.

समुद्र नसताना गंज कुठून येतो

कोकणात खारी हवा पाईप खाते. आपल्याकडे विदर्भात समुद्र नाही, पण काळी माती आहे. पावसाळ्यात ती चेसिसच्या कोपऱ्यात आणि पाईपाच्या क्लिपमागे गोटा होऊन बसते, आणि वरून वाळलेली दिसली तरी आत कितीतरी दिवस ओल धरून ठेवते. त्यात खतांची वाहतूक. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाच्याच जातीचा पदार्थ. फाटक्या पोत्यातून तो डाल्याच्या, म्हणजे मागच्या माल भरायच्या हौद्याच्या फटीत सांडतो, पाण्यात विरघळतो आणि थेट खालच्या पाईपावर उतरतो. पाईपावरचा जस्ताचा लेप तिथूनच जायला लागतो.

म्हणून तपासायचं ते दिसणाऱ्या सरळ भागात नव्हे. क्लिप सोडवून तिच्या खाली बघा, मागच्या ॲक्सलवर बघा, डाल्याखाली पाईप जिथे वळतो तिथे बघा. नुसता तांबूस रंग आला असेल तर साफ करून नजर ठेवता येते. बोटानं खवले निघत असतील किंवा खड्डे पडले असतील, तर तो पाईप बदलायचाच.

गळती नट अडवत नाही, तोंड अडवतं

पाईपाच्या टोकाला नट असतो म्हणून आटेच तेल अडवतात, असा समज आहे. तसं नाही. नटाचं काम फक्त ढकलण्याचं. पाईपाचं फुलवलेलं तोंड तो समोरच्या बैठकीवर दाबून धरतो, आणि धातूवर धातू चेपून बसला की तेल अडतं. त्यामुळे आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळून काहीच साधत नाही. उलट टेपचा धागा आत गेला तर बारीक वाट बुजवू शकतो. एम-सील थापणं हे तर गळती झाकणं आहे, थांबवणं नव्हे.

आता हे तोंड दोन प्रकारचं असतं.

पहिलं डबल फ्लेअर. यात पाईपाची कड आधी बाहेर फुगवतात, मग आत दुमडून 45 अंशांचं नरसाळं करतात. शिंपी कापडाची कड एकदाच मुडपत नाही, दुहेरी मुडपून शिवतो, म्हणून ती उसवत नाही, तसंच हे. कारणही पक्कं आहे. पुष्कळ ब्रेक पाईप पोलादाच्या पातळ पट्टीचे दोन वेढे गुंडाळून, तांब्याच्या झाळणानं एकजीव केलेले असतात. अशा पाईपाची कड एकेरीच फुलवली तर ताणून पातळ होते आणि काठाला चिरते. ती चीर डोळ्यांना दिसेलच असं नाही.

दुसरं बबल फ्लेअर. यात कड आत दुमडत नाहीत, टोकाला फुगीर बोंड तयार करतात. युरोपीय घडणीच्या गाड्यांत साधारणपणे हे सापडतं, जपानी घडणीच्या गाड्यांत डबल. पण कंपनीच्या नावावर विसंबू नका, नट उघडून बघा. भोकाच्या तळाशी मधोमध शंकू वर आलेला दिसला तर तिथे डबल फ्लेअर बसतं. तळ नरसाळ्यासारखा खोल गेलेला असेल तर बबल. जुनं टोक कापून खिशात ठेवा आणि दुकानात तेच दाखवा. दुकानदाराला गाडीचं मॉडेल सांगण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

डबलच्या जागी बबल किंवा बबलच्या जागी डबल बसवू नका. नट दोन्हीकडे फिरेल, कारण 10 मिलिमीटरचा, 1 मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांतलं अंतर) नट दोन्ही प्रकारांत सर्रास असतो. घट्ट झाल्यासारखा वाटेल, आणि पहिल्याच जोराच्या ब्रेकला पाझरेल. विलीस घराण्याच्या जुन्या जीपमध्ये आणखी एक घोळ आहे. तिथे 3/8 इंची, इंचाला 24 आट्यांचा नट असतो. तो 10 मिलिमीटरच्या भोकात सैलसर फिरतो आणि आवळताना आटे घेऊन जातो.

आता टूल

बाजारात ढोबळमानानं चार तऱ्हा आहेत.

सगळ्यांत स्वस्त, बारवालं. दोन पट्ट्यांच्या बारमध्ये वेगवेगळ्या मापांच्या खाचा असतात. पाईप खाचेत धरायचा, कानाचे नट आवळायचे, वरून शंकूचा स्क्रू फिरवायचा. एसी-फ्रीजवाले हेच वापरतात. यात बघायची गोष्ट एकच: डब्यात खालून बोंडी असलेले, बटणासारखे छोटे अडॅप्टर आहेत का? नसतील तर हे टूल फक्त एकेरी तोंड पाडतं, आणि ब्रेकसाठी ते बाद. अडॅप्टर असतील तर दीड सुती पाईपाला डबल फ्लेअर पडू शकतं, पण कटकटी आहेत. लोखंडी पाईप कडक असतो, बारची पकड अपुरी पडून तो खाली सरकतो. शंकू मध्यावर बसला नाही तर तोंड एका बाजूला झुकतं. आणि पकड वाढावी म्हणून नट फार आवळले की बारचे दात पाईपावर वळ उठवतात. लेप तिथे फाटतो, गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो. मेट्रिक बारमध्ये खाच 5 मिलिमीटरची असेल तर 4.75 चा पाईप त्यात सैलच बसणार.

दुसरं वाईसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात धरायचं, फिरत्या डोक्याचं. पाईप दोन अर्ध्या डायमध्ये, म्हणजे पाईपाच्या मापाच्या साच्यात पक्का धरला जातो. समोरच्या फिरत्या डोक्यावर एकेका टप्प्याचे ठोकळे बसवलेले असतात. पाईप किती बाहेर काढायचा ते पहिला ठोकळा ठरवतो, दुसरा कड फुगवतो, तिसरा आत दुमडतो. लांब दांडा खाली ओढायचा. मध्य आपोआप साधतो, कारण सगळं एका सरळ रेषेत पक्कं असतं. योग्य डाय असतील तर बबलही पडतं. याची अडचण एवढीच की ते गाडीखाली नेता येत नाही. पाईप काढून टेबलावर आणावा लागतो, आणि तोंडामागे डायमध्ये मावेल एवढा सरळ भाग लागतो. म्हणून शेवटचं वळण तोंड पाडून झाल्यावरच द्यायचं.

तिसरं हातात मावणारं, गाडीखाली वापरायचं. छोटा ठोकळा, एका बोल्टनं आवळणारी डाय, आणि पान्यानं फिरवायचा दट्ट्या. पाईपाचं एक टोक टाकीमागे अडकलंय, काढायचं तर अर्धी गाडी उघडावी लागेल, अशा वेळी हे जीव वाचवतं. बरेचदा हे एकाच मापाचं आणि एकाच तोंडाचं असतं. घेण्याआधी तेवढं विचारून घ्या.

चौथं हायड्रॉलिक, हातपंपाचं. जोर लागत नाही, कडक पाईपालाही तोंड सुबक पडतं, मापं भरपूर. पण किंमत मोठी, आणि त्याची सील गेली तर तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही.

माझं मत सरळ आहे. वणी, दारव्हा, मेहकर, परतवाडा अशा ठिकाणी गॅरेज चालवत असाल आणि महिन्यातून दोन-चार ब्रेक पाईप हातून जात असतील, तर वाईसचं टूल घ्या. पैसे वाचवायला बारवालं घेतलं तर वाया गेलेल्या पाईपांतच ती बचत निघून जाते. गावोगाव फिरून कामं करत असाल तर तिसरं घ्या, दीड सुतीचं, डबल आणि बबल दोन्ही पाडणारं. हायड्रॉलिक शहरातल्या, रोज हेच काम करणाऱ्या वर्कशॉपला परवडतं. आणि स्वतःची एकच गाडी असेल, तर टूल घेऊच नका. का ते पुढे सांगतो.

"फ्रीजवाल्याकडे महागाचं टूल आहे की"

आहे, आणि ते चांगलंही आहे. त्यातला शंकू गोल गोल लोळत तोंड गुळगुळीत करतो, पुरेसं झालं की क्लच सुटतो. पण ते मऊ तांब्याच्या नळीला एकेरी तोंड पाडायला घडवलेलं असतं. कड आत दुमडायची सोयच त्यात नाही.

दुसरी एक शक्कल गॅरेजमध्ये दिसते. डबल फ्लेअरचा फक्त पहिला टप्पा करायचा आणि आलेलं बोंड बबल म्हणून बसवायचं. दिसायला ते जवळपास सारखंच. पण खऱ्या बबलची मागची बाजू काटकोनात, सपाट असते. नट तिच्यावरच रेटतो. अर्धवट डबलच्या बोंडाची मागची बाजू उतरती असते, आणि नटाला नीट टेकू मिळत नाही. बबल हवं तर बबलचीच डाय वापरा.

"तांब्याचा पाईप टाकला तर गंजच येणार नाही"

गंज येणार नाही, पण तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं. चाकोरीच्या पांदण रस्त्यावर पिकअपला किती हादरे बसतात हे तुम्हाला ठाऊक आहे. फ्रीजची नळी ब्रेकला नकोच.

तांबं-निकेलचा पाईप मात्र उत्तम. त्यात सुमारे 10 टक्के निकेल आणि थोडं लोखंड असतं. तो गंजत नाही, हातानं वळतो, आणि त्याला तोंडही लोखंडापेक्षा सहज पडतं. रंग मात्र तांब्याच्या जवळचाच असतो, त्यामुळे रंगावरून ओळखायला जाऊ नका. ब्रेकसाठीचा असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. सुटा, बिननावाचा गुंडाळा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

"तेवढा तुकडा कापून जोड मारला तर?"

जोड कशानं मारला यावर सगळं आहे. दोन्ही टोकांना नीट फ्लेअर पाडून मध्ये ब्रेकचा युनियन, म्हणजे दोन्हीकडचे नट घेणारा जोडतुकडा टाकला तर तो टिकतो. पण गाडीचे सगळे पाईप एकाच मातीत, एकाच खतात फिरलेले असतात. एक वीत सडली असेल तर पुढची हातभरही त्याच वाटेवर आहे. माझा आग्रह पूर्ण पाईप बदलण्याचा, नटापासून नटापर्यंत.

रबरी नळी घालून क्लिप आवळणं, पितळी कडी चेपून पाईप धरणारा नळजोडणीचा कपलर लावणं, गॅसनं झाळणं, हे तिन्ही प्रकार ब्रेकला कधीच नकोत. क्लिप आणि कपलर दाबानं निसटतात. झाळताना लेप जळतो, आणि आतला खपला सुटून चाकातल्या व्हील सिलिंडरपर्यंत जातो.

यावर एक युक्तिवाद हमखास येतो: एक लाईन फुटली तरी दुसरी असते ना? दोन सर्किटांच्या, म्हणजे दोन वेगळ्या लाईनींना तेल पुरवणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये असते, खरं आहे. पण उरतो तो अर्धा ब्रेक, पेडल खोल गेल्यावर. रिकाम्या गाडीला तो कसाबसा पुरेल. संत्र्याचे क्रेट भरून चिखलदऱ्याच्या घाटातून परतवाड्याकडे उतरणाऱ्या गाडीला, किंवा वेचणीच्या बाया मागे उभ्या करून निघालेल्या पिकअपला तो पुरत नाही. त्या बायांनी पाईप बघितलेला नसतो. त्यांच्या वतीनं तो आपणच बघायचा असतो.

"मग तयार पाईपच का घेऊ नये?"

घ्यावाच. तुमच्या मॉडेलचा, दोन्ही टोकांना नट आणि तोंड असलेला तयार पाईप मिळत असेल तर तो सगळ्यांत चांगला, कारण त्याचं तोंड कारखान्यातल्या मशीननं पाडलेलं असतं. एकाच गाडीच्या मालकानं टूल घेऊ नये म्हटलं ते याचसाठी. वळणं न दिलेले, ठरावीक लांबीचे तयार पाईपही मिळतात. थोडा लांब निघाला तर मोठं, सैल वळण देऊन क्लिपमध्ये बसवता येतो. टूल लागतं ते जुन्या मॉडेलला, जिथे लांबी, नट आणि तोंड यांचा मेळ कुठल्याच दुकानात बसत नाही. आपल्याकडे अशा गाड्या पुष्कळ धावतात, म्हणून गॅरेजला टूल हवंच.

तोंड पाडताना

चांगलं टूल असूनही तोंड बिघडतं ते बहुतेक कापण्यात. हॅक्सॉ ब्लेडनं कापू नका, कड तिरकी होते आणि भुसा आत जातो. पाईपाभोवती फिरवायचा, धारदार चाकाचा छोटा कटर घ्या, थोडं आवळा, एक फेरी, पुन्हा थोडं आवळा. कापल्यावर आत बारीक ओठ तयार होतो, तो रीमरनं, म्हणजे भोक खरवडायच्या टोकदार हत्यारानं काढा. बाहेरची कडही कानशीनं जरा उतरवा. पाईप तोंड खाली धरून टिचक्या मारा, म्हणजे कीस बाहेर पडेल. मग नट आधी ओवा, बरोबर दिशेनं. तोंड पडल्यावर नट घालता येत नाही, आणि पाईपाची लांबी अचूक असेल तर कापून पुन्हा करायलाही जागा उरत नाही.

अडॅप्टरवर ब्रेक ऑइलचा एक थेंब टाका. बारवालं टूल असेल तर पाईप बारच्या वर नेमका अडॅप्टरच्या कडेच्या जाडीएवढा काढा. कमी काढला तर दुमड अपुरी राहते, जास्त काढला तर ती वेडीवाकडी बसते. पहिल्या टप्प्यानंतर छत्रीच्या आकाराचं बोंड दिसतं, ते सगळीकडून सारखं आहे ना हे पाईप फिरवून बघा. दुसऱ्या टप्प्यात शंकू हळू उतरवा. तयार तोंडात चकचकीत कडं दिसायला हवं, सगळीकडे सारख्या रुंदीचं. एका बाजूला ते रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असेल तर तोंड झुकलंय. कापा, पुन्हा करा.

नवीन टूल आणल्यावर गाडीच्या पाईपाला हात लावण्याआधी टाकाऊ तुकड्यांवर सराव करा. त्यातली काही तोंडं उभी चिरून आत बघा. दुमड मूळ भिंतीला चिकटून बसलेली हवी. मध्ये पोकळी दिसली किंवा वाकावर केसाएवढी रेघ दिसली, तर पाईपाचं माप, डाय किंवा पकड यांपैकी काहीतरी चुकतंय.

लावल्यावर

नट आधी बोटानं फिरवा, पाना शेवटी लावा. 10 किंवा 11 नंबरचा ब्रेक नटाचाच पाना घ्या, तो नटाला जवळजवळ चारही बाजूंनी धरतो. साध्या फिक्स पान्यानं कोपरे गोल होतात. ब्रेक ऑइल त्याच्याच टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या डॉट (DOT) ग्रेडचंच घाला. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल चुकूनही नको, त्यानं रबरी सील फुगतात. पाईप उघडल्यावर आत शिरलेली हवा काढताना बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात.

मग सांडलेलं ऑइल पाण्यानं धुऊन सगळे जोड कोरडे करा. ब्रेक ऑइल रंग खातं, आणि जुना ओलावा राहिला तर नवी गळती कळत नाही. इंजिन चालू करून एकानं पेडल पूर्ण जोरानं दाबून धरायचं, चांगलं मिनिटभर. पेडल हळूहळू खाली जायला नको. नंतर प्रत्येक नटाभोवती कोरडा कागद फिरवायचा. गाडी जॅकवर असताना खाली जाऊ नका, स्टँड लावा.

कागद ओला झाला तर नट एकदा सैल करून पुन्हा आवळा. नवं तोंड कधीकधी असंच बैठकीवर बसतं. तरीही पाझरत असेल तर आणखी जोर लावू नका. तोंड कापून नवं पाडायला थोडाच वेळ लागतो. जोरानं आवळून मास्टर सिलिंडरचे आटे गेले, तर तो अख्खा बदलावा लागतो.